राहतो, वर्तणूक चांगली

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायको असती तर तिला सांगितलं असतं का, याचाही विचार करून पाहिला — नसतं सांगितलं. तिला तर नसतंच. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. तरी या पहिल्या चार ओळींपाशी दोन दिवस अडून बसलोय.

आधी मी कोण ते सांगतो. पालघरहून शिरगावकडे निघालात की समुद्राच्या अंगाला जी गावं लागतात, त्यातल्या एका गावाचा मी एकोणीस वर्षं पोलीस पाटील होतो. गावाचं नाव लिहीत नाही, गावाने काही केलेलं नाही. पोलीस पाटील म्हणजे धड पोलीस नाही आणि धड पाटीलही नाही. गावात भांडण झालं, कोणी बुडालं, किनाऱ्यावर काही लागलं, की ठाण्याला कळवायचं. ठाण्यातून कोणी आलं की त्याला घर दाखवायचं. बाकी वेळ आमची वाडी — केळी, सुपारी, थोडी पानवेल, बांधावर नारळ.

या कामात मी सगळ्यात जास्त वेळा काय बोललो असेन, सांगू? "राहतो. वर्तणूक चांगली." पासपोर्ट असो, नोकरी असो, परदेशी जाण्यासाठी लागतो तो पोलिसांचा दाखला असो — पीसीसी म्हणतात त्याला — चौकशी आली की हवालदार आधी माझ्या वाडीत यायचा. अमक्याचा मुलगा इथे राहतो का? राहतो. कसा आहे? चांगला आहे. मग त्याने शहाळं प्यायचं, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि जायचं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? एवढंच, की ती पोरं बहुतेक गावात राहत नसत. कोणी विरारला, कोणी बोईसरला खोली घेऊन, कोणी जहाजावर. गणपतीला आणि लग्नाकार्याला तेवढी यायची. पण रेशनकार्डावर नाव गावचं, आधारवर पत्ता गावचा, आई इथे, देव इथे. मग तो राहतो कुठे? आम्ही राहतोच म्हणायचो. ते खोटं आहे असं मला कधी वाटलं नाही, हवालदारालाही वाटलं नाही. कितीतरी पोरं माझ्या त्या एका शब्दावर परदेशी गेली. दिवाळीला फोन करत — पाटीलकाका, बरे हाय ना? मला बरं वाटायचं. थोडा फुगायचोही, खोटं कशाला बोलू.

एकाच माणसाच्या बाबतीत मी तो शब्द उच्चारला नाही. त्याच्याकडेच यायचं आहे, पण पाय उचलत नाही.

नीलेश माझा एकुलता एक मुलगा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात ऑपरेटर. शिफ्टच्या कामाला गावाहून जाणं-येणं जमेना, म्हणून लग्नानंतर त्याने कुंभवलीला चाळीत खोली घेतली. माझी सून प्रणाली बोईसरच्या एका दवाखान्यात नर्स होती. त्यांची ओवी तेव्हा चार वर्षांची. सुट्टीच्या दिवशी तिघं गावी यायची. नीलेशच्या कपड्यांना कारखान्याचा एक वास असायचा, आंबूस आणि गोडसर. माझी बायको होती तोवर ती ते कपडे वेगळे धुवायची आणि वाळत घालताना वाऱ्याची दिशा बघायची. ती गेल्यावर मात्र तो वास मला चालायला लागला. तो आला की पोरगा घरी आहे एवढं कळायचं.

कॅनडाचं मला सगळ्यात शेवटी कळलं. प्रणालीने इंग्रजीची परीक्षा दिली होती, दोघांचे कुठलेसे गुण धरले होते, वर्ष-दीड वर्ष हे चाललं होतं. मला कळलं ते तिकडून बोलावणं आल्यावर. आता दोन महिन्यांत सगळे कागद द्यायचे, त्यात दोघांची पीसीसी. नीलेश ओटीवर बसून मला समजावत होता, मी लहान मूल असल्यासारखा. पत्ता गावचाच दिलाय, हवालदार येईल. "तुमी काय करू नका बाबा. फक्त हो म्हणा."

फक्त हो म्हणा. एकोणीस वर्षं गावासाठी हो म्हणत आलो आणि हा मला हो म्हणायला शिकवतोय? मी विचारलं, वाडीला पाणी कोण लावणार? तो म्हणाला, बघू, माणूस ठेवू, नंतर तुम्हालाही तिकडे बोलावू. मी हसलो. तिकडे बर्फात मी काय करणार, पानवेल लावणार? तोही हसला. आत प्रणाली ओवीला नवा शब्द शिकवत होती, आजोबाला तिकडे काय म्हणतात तो. ओवीने तो मला येऊन म्हणून दाखवला. मी तिला शाबास म्हटलं.

हे मी सांगतोय ते कारण म्हणून नाही. कारण म्हणून ते फार तोकडं आहे.

भोये हवालदार आला तो सकाळी अकराच्या सुमाराला. जव्हारकडचा माणूस, कमी बोलणारा, आमच्या गावची चौकशी तीन-चार वर्षं त्याच्याकडेच होती. नीलेशची पहिली शिफ्ट होती. त्याने फोनवर हवालदाराला सांगितलं होतं, बाबा आहेत, सगळे कागद त्यांच्याकडे ठेवलेत. ठेवलेच होते — निळ्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, शेजाऱ्यांच्या आधारच्या झेरॉक्ससकट, टीव्हीच्या बाजूला. मी वाडीला पाणी लावत होतो. भोयेने गाडी लावली, शहाळं घेतलं, आणि गमतीने म्हणाला, "पाटील, आज तुमच्याच घरचं काम हाय. काय लिहू?"

मी पाण्याचा पाट मोडून दुसऱ्या आळ्यात वळवला. वेळ होता मला. तुम्हाला वाटेल जीभ घसरली असेल, राग आला असेल — तसं नव्हतं. पाणी आळ्यात भरेपर्यंत मी उभा होतो, आणि मग म्हटलं, नीलेश इथे राहत नाही. कुंभवलीला राहतो. दोघंही. चार वर्षं झाली.

भोये माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग वाटलं असेल मला कळलं नाही. त्याने समजावलं — पाटील, कुंभवली आपल्या हद्दीत नाय, असं लिहिलं तर कागद उलटा जाईल. तसं लिहू का?

"जे खरं ते लिहा," मी म्हटलं.

खोटं बोललो असतो तर निदान त्याला खोटं म्हणता आलं असतं. मी खरं बोललो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ते स्वतःच्या मुलाला अडवायला. निळा फोल्डर मी बाहेर काढलाच नाही.

आठवड्याभराने नीलेशच्या मोबाईलवर मेसेज आला, पोलिसांचा अहवाल प्रतिकूल. त्याने मला फोन केला. कारखान्यातूनच केला असावा, मागे मोठा आवाज होता. बाबा, हवालदार आला होता का? आणि इथे मी ते दुसरं केलं. म्हटलं, नाही, आला नाही.

बघा, हे तर खरंसुद्धा नव्हतं.

पुढे जे झालं त्यात मी त्याच्याबरोबर होतो, हे सांगताना मला सर्वांत जास्त लाज वाटते. ठाण्यातल्या बाकावर मी त्याच्याशेजारी बसलो. पालघरला खेपा घातल्या. निळा फोल्डर माझ्याच मांडीवर असायचा. ठाण्यात सांगत, अहवाल वर गेला, आता आमच्या हातात काही नाही. वर सांगत, पासपोर्टवाल्यांना विचारा. पासपोर्टवाले म्हणत, राहता तिथल्या पत्त्यावर नवीन अर्ज करा. त्याला भाडेकराराचा कागद हवा. कुंभवलीच्या चाळीत वीस-पंचवीस खोल्या, सगळे बाहेरून आलेले कामगार, कोणाशीच कागद केलेला नाही. मालकाने हात जोडले. "एक को दिया तो सब माँगेंगे भाई," म्हणाला. प्रत्येक दारातून आम्ही बाहेर यायचो आणि नीलेश मोबाईलवर तारीख बघायचा.

ठाण्यातली ओळखीची माणसं हळहळत. पाटलाच्या पोरालाच असं व्हावं? मी मान हलवायचो. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं — साहेब, चूक माझी, मी चुकीचं सांगितलं, फेरचौकशी करा. ते वाक्य मी रोज घरून घेऊन निघायचो. बाकावर बसलो की ते कुठे जायचं, माहीत नाही. मग वाटायचं, अजून पंधरा दिवस आहेत. मग आठ. मग एक दिवस नीलेशने तारीख बघणं सोडलं.

त्यानंतर त्याचं वय एका वर्षाने पुढे गेलं, गुण कमी झाले, आणि पुन्हा बोलावणं आलं नाही. माझ्यासारख्याला त्यातलं काय कळणार? एवढंच कळलं, की ते दार पुन्हा उघडत नाही.

प्रणालीने भोयेविरुद्ध अर्ज लिहिला. हवालदार घरी न येता अहवाल देतो, चहापाण्यासाठी अडवलं असणार, असा. पोरीचा राग खरा होता. तिला माहीत असलेलं सगळंच त्यात होतं, फक्त ते तिला मी सांगितलेलं होतं. तिने अर्ज माझ्यापुढे ठेवला. बाबा, तुमची सही असली तर ऐकतील. मी सही केली. खाली पोलीस पाटलाचा शिक्काही मारला. शाई सुकली होती, म्हणून दोनदा मारला.

भोयेची बदली झाली, डोंगरातल्या कुठल्याशा ठाण्यात. अर्जामुळे की नेहमीची, मला माहीत नाही. मी विचारायला गेलो नाही.

वर्षाने तो मला पालघरला भेटला, तहसील कचेरीबाहेर. मी चुकवून जाणार होतो, त्यानेच हाक मारली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाला, "अर्ज बघितला मी, पाटील. शिक्का तुमचाच होता."

मी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"साहेबांनी विचारलं, तुला सांगितलं कोणी. मी बोललो, गावातल्या एका माणसाने. बापाचं नाव कसं घेणार मी? तुमाला त्या घरात राहायचं हाय."

पोरगा गेला का, असंही त्याने विचारलं. नाही म्हटलं. त्याने मान हलवली आणि आपल्या कामाला गेला. मी त्याला चहालाही विचारलं नाही.

गेल्या वर्षी कारखान्यात पाइपाचा जोड सुटला आणि नीलेशच्या डाव्या हातावर गरम काहीतरी उडालं. कोपरापासून मनगटापर्यंत. हात वाचला, पण दोन बोटं नीट मिटत नाहीत. तो तीन आठवडे इथे घरी होता. त्याचा हात धुताना, मलम लावताना मी हिशेब टाळत होतो — त्या दिवशी तो तिथे असायला नको होता, समुद्रापलीकडे असायला हवा होता. असल्या गोष्टी घडतात, असं डॉक्टर म्हणाले. नीलेश एका संध्याकाळी ओटीवर बसून म्हणाला, बरंच झालं बाबा तेव्हा गेलो नाय ते, तिकडे असतो तर माझं कोणी केलं असतं?

तेव्हा सांगायचं होतं. इतकं मोकळं दार पुन्हा मिळणार नव्हतं. मी उठून गुरांना पाणी आहे का बघायला गेलो — गुरं तर आम्ही केव्हाच विकली होती. गोठ्यात जाऊन उभा राहिलो, आणि परत आलो.

आता ती तिघं गावीच राहतात. कुंभवलीची खोली सोडली. नीलेशला कारखान्याने स्टोअरमध्ये बसवलंय, तो मोटरसायकलवरून रोज बोईसरला जातो-येतो. प्रणालीला पालघरला नोकरी मिळाली. ती माझ्या औषधांच्या वेळा चुकू देत नाही. निळा फोल्डर कपाटात आहे, माझ्या बायकोच्या लुगड्यांवर. ओवी तो तिकडचा शब्द विसरली, आता मला नुसतं आजा म्हणते. सुट्टीच्या दिवशी नीलेश वाडीला पाणी लावतो. डाव्या हाताने फावडं नीट धरता येत नाही, तरी मी उठलो की म्हणतो, तुमी बसा. मी बसतो. मला हवं होतं ते सगळं मला मिळालंय, आणि बसल्या जागेवरून मी त्याची ती दोन बोटं बघत असतो.

माझी मुदत संपून चार वर्षं झाली. पोलीस पाटील आता दुसरा आहे, चौकशा त्याच्याकडे जातात. नाहीतर आता मला अगदी बरोबर सांगता आलं असतं. नीलेश इथेच राहतो. वर्तणूक चांगली. पण हे आता कोणी विचारायला येत नाही.