वस्तादांची मांडी

वस्ताद आधी मारत, मग कारण सांगत. कसब्यातल्या आमच्या तालमीत गालाची तयारी ठेवूनच शिरावं लागे. "ही कालची," असं म्हणून त्यांनी मला पहिली थोबाडीत दिली. मी म्हटलं, काल मी आलोच नव्हतो. "म्हणूनच," ते म्हणाले.

विडीच्या बाबतीत तर जुलूम होता. कोणाच्या तोंडाला वास आला की त्याला मातीत उताणा पाडून छातीवर गुडघा देत. स्वतः मात्र दर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन दोन झुरके मारून येत. एकदा मी धीर करून विचारलं, तेव्हा "मी उंबऱ्याबाहेर ओढतो," म्हणाले आणि मला उंबऱ्याबाहेर नेऊन बडवलं.

साठी उलटल्यावर त्यांच्या उजव्या मांडीत गाठ आली. तालमीत गाठीवर एकच उपाय: तेल लावायचं आणि कोपराने रगडून ती मोडायची. माझा मंडईत कांदे-बटाट्याचा गाळा, पोती उचलून हात जड झालेले, म्हणून ही कामगिरी माझ्यावर आली. तीन आठवडे मी रोज सकाळी ती गाठ रगडली. वस्ताद टॉवेल दातात धरून हुंकारत आणि मधेच तो काढून म्हणत, "हातात जोर आहे की शिकरण?" मग मी आणखी दाबत असे. लिंबाएवढी गाठ मोसंब्याएवढी झाली. एका सकाळी ते किंचाळले आणि माझ्या तोंडावर असा ठोसा हाणला, की ओठ फाटून रक्त मातीत पडलं. या वेळी कारण सांगितलं नाही. भिंतीला धरून उठले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाहून मी घाबरलो.

त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या चाचीने, "आता ऐकत नसाल तर मी निघाले भावाकडे, बिबवेवाडीला," अशी धमकी दिली, तेव्हा कुठे ते इस्पितळात आले. मांडीत सुई घालून तुकडा काढला, छातीचा फोटो काढला.

"आजोबा, मूळ फुफ्फुसात आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कॅन्सर तिथून मांडीच्या स्नायूत उतरलाय. असं फार क्वचित होतं."

"मग नीट बघून घ्या," वस्ताद म्हणाले. "पुन्हा दिसायचं नाही."

कळ कमी व्हावी म्हणून मांडीला रेडिएशन दिलं, शिवाय सलाईनमधून केमो. कातडी भाजल्यासारखी काळी पडली. ओकारीचं भांडं त्यांनी दोनदा भिंतीवर आपटलं, हातातली सुई उपटून काढली. धरायला चार जण लागले, त्यात मी एक. कळ निम्मी झाली, पण कॅन्सर काही हटला नाही.

मी बाईंना एकटं गाठून विचारलं, "मी रगडल्यामुळे पसरला का?"

"नाही. तो आधीच पसरलेला होता. तीन आठवडे वाया गेले, एवढं खरं."

तालमीत हे कोण ऐकतो? यानेच रगडून वस्तादांचा कॅन्सर पसरवला, असं तिथे ठरूनच गेलं होतं. एका गड्याने तर मंडईत येऊन मला बटाट्यांच्या ढिगात लोळवलं, लाथा घातल्या. मी हात उचलला नाही. मलाही तसंच वाटत होतं.

हे वस्तादांच्या कानावर गेलं. दुसऱ्या सकाळी हुकूम आला, "मला तालमीत ने." दोघांच्या आधाराने ते मातीत उभे राहिले आणि लुंगी वर केली. "एकेक जण या. हात लावा. ही रगडायची नसते. असलं काही दिसलं की सरळ दवाखाना. मी गाढव, मला कळलं नाही." सगळे रांगेने आले. मला लोळवणारा तो गडी हुंदके द्यायला लागला. शेवटी मी पुढे झालो, तर त्यांनी माझं मनगट धरून वर केलं. "हा हात माझ्या हुकमाने चालला. याला कोणी बोल लावला तर तंगडं मोडीन." धड उभं राहता न येणारा माणूस हे बोलत होता, पण हसायची कोणाची छाती झाली नाही.

घरी नेताना मी त्यांना पाठुंगळी घेतलं. गल्लीच्या तोंडाशी ते माझ्या कानाशी म्हणाले, "खरं सांगू? तू रगडायचास ना, तेव्हा जरा बरं वाटायचं."

चौथ्या दिवशी ते गेले. उभ्या आयुष्यात ते माझ्याशी एवढं एकदाच खोटं बोलले.