तळ्यातला शिंपला

वलगावच्या गोदाबाई आयुष्यभर भाजीपाला पिकवत आल्या. त्यांच्या घरी कढईची खरवड शिंपल्यानेच निघायची. चमचा लावलेला त्यांना खपत नसे. जुना शिंपला झिजून झिजून यंदा फुटला, तेव्हा मोर्शीला दिलेल्या मोनालीला त्यांनी वर्धा नदीतला शिंपला आणायला सांगितलं.

लेकीने आणला. गोदाबाईंनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "हा नदीतला नाई. तळ्यातला हाय."

मोनाली ओशाळली. नदीपर्यंत जायचा कंटाळा करून तिने तो गावामागच्या तळ्यातून उचलला होता.

"जात तं एकच ना, आई? तुले कसं समजलं?"

"जात एकच. पण धारेतला गोट्यांशी झुंजून जाड अन् बुटका होते. हा गाळात निवांत पडून राहिला, म्हणून पातळ, पसरट. कढईले लावला तं हाच तुटन."

"मंग फेकू?"

"कावून?" गोदाबाईंनी शिंपला धुतला, त्यात कोमट दूध घेतलं आणि मोनालीच्या तान्हीच्या ओठाला लावला. पोरगी मिटक्या मारत प्यायली.

"हिच्यासाठी असाच पाहिजे होता," त्या म्हणाल्या. "पण नदीवर तुले जावंच लागन."