मामांची आटणी

माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणायची, परसाकडे जायचे ते चोरासारखे. मी स्वयंपाकघरात असले की घराला बाहेरून वळसा घालून जात. सासऱ्याला पोट आहे हे सुनेला कळता कामा नये, असा त्यांचा बाणा!

मामा विट्याचे. उमर सगळी कोइमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं आटवून शुद्ध करण्यात गेली. दुकान माझ्या नवऱ्याच्या हाती देऊन ते गावी परतले, पण जिभेवरचं दुकान काही बंद झालं नाही. आवडलेला माणूस बावनकशी, नावडता निव्वळ मुलामा. माझी पहिली पुरणपोळी तव्यावर फुटली, तेव्हा म्हणाले, "कस चांगला हाय सूनबाई, पर घट लय आली."

त्यांचे थोरले भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेले. वर्षभर रक्त जात होतं, पण लाजेपायी त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मामांनाही एकदा तपासून घ्यायला हवं होतं. सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा लांब, त्यामुळे त्यांना सांगलीच्या डॉक्टरांकडे न्यायचं माझ्यावर आलं. एसटीत ते तासगावपर्यंत द्राक्षबागाच बघत राहिले.

डॉक्टर म्हणाले, "सख्ख्या भावाला होता, तेव्हा सरळ दुर्बिणीने तपासलेलं बरं."

"दुर्बीण घालत्यात कुठनं?"

डॉक्टरांनी सांगितलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी कॅलेंडरकडे.

"दुसरं काय न्हाई व्हय?"

दुसरं होतं. शौचाचा इवलासा नमुना डबीत भरून द्यायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं. घरच्या घरी होतं, स्वस्तात होतं, पण चुकतंही. मूळव्याधीचं रक्त उगाच घाबरवतं, आणि गाठ असून रक्त नसलं तर ती सुटून जाते.

मामांचा चेहरा खुलला. "म्हंजे कस लावायचा! आदी दगडावर घासायचं, शंका आली तरच आटवायचं. आटणीत घट येती डॉक्टर, सोनं कमी भरतं, उगं कोण आटवतंय?"

डॉक्टरांनी हात टेकले. निदान एवढं तरी करा, म्हणाले.

आमची मात्र मोठी सोय झाली. नमुन्याचं नाव 'माल' पडलं, दुर्बिणीचं 'आटणी', आणि सासरा-सून उजळ माथ्याने बोलू लागलो. "सूनबाई, आज माल न्हाई निघाला," असं ते ओसरीवरून ओरडून सांगत. म्हातारा सोनं विकायला काढतोय, असं शेजारच्या काकू गावभर सांगून आल्या.

रिपोर्ट आला, तेव्हा मामा ओसरीवरच होते.

"कसाला काय उतरलं?"

"रक्त आहे, मामा."

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. 

पुढच्या खेपेला मात्र ते व्यापाऱ्यासारखे बसले. "घट किती, ते आदी सांगा." डॉक्टरांनी काही लपवलं नाही. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध, मग गुंगी. क्वचित रक्तस्राव होतो, फारच क्वचित आतड्याला भोक पडतं. नुसती मूळव्याध निघाली तर खर्च आणि हाल फुकट. पण गाठ सापडली तर तिथल्या तिथे काढता येते.

मामांनी बोटांवर वर्षं मोजली. "नव्वदीचा असतो, तर म्हणलो असतो, जुना डागिना हाय, हाय तसा घाला, आटवू नका. पर आजून धा-पंधरा वर्सं ल्यायचाय. आटवा."

जुलाबाचं औषध घेतलं त्या दिवशी घराला वळसा घालायला सवड होती कुणाला? मामा धोतर सावरत माझ्यासमोरून धावत होते. शेवटी पाण्यासारखं व्हायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. संध्याकाळी आतून आरोळी आली, "सूनबाई, निवळशंख!"

आटणीत एक गाठ सापडली, ती तिथल्या तिथे काढली. ती कॅन्सरची नव्हती. पुढे झाली असती, किंवा नसतीही.

"म्हंजे वाचलो, का उगंच आटलो?"

"ते कुणालाच सांगता यायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"आमी आसं सांगितलं आसतं, तर गिऱ्हाइकानं दुकान फोडलं आसतं," मामा म्हणाले आणि खो खो हसले.

सांगलीच्या स्टँडवर चहा पिताना मात्र ते हसत नव्हते. "लय भ्यालो हुतो पोरी. थोरला लाजंनं गेला. तुला कवा रक्त दिसलं, तर लाजायचं न्हाई. नवरा लांब हाय तुजा. मला सांगायचं." माझ्या आईनेही मला असं कधी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं, आणि चहा वाईट आहे, असं म्हणून मी ग्लास खाली ठेवला.

काही वर्षांनी मामा झोपेतच हृदय थांबून गेले. त्या गाठीने त्यांचं काही केलं असतं की नाही, ते तसंच राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात मला शौचात रक्त दिसलं. मामा नव्हते. मी नवऱ्याला दुकानात फोन लावला आणि काय झालं ते सरळ सांगायला लागले.

"अगं, गिऱ्हाईक समोर आहे," तो पुटपुटला. "रात्री बोलू का?"

"नाही," मी म्हणाले. "आत्ताच."