बगलेतली बाटली

गेल्या महिन्यात गुप्ते सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आयसीयूत एका पेशंटपाशी सोनोग्राफीचं मशीन लावत होतो आणि जेलीची बाटली माझ्या डाव्या बगलेत होती. ही खोड सरांचीच. गार जेली छातीवर पडली की आजारी माणूस दचकतो, श्वास धरतो आणि पडद्यावरचं हृदय नीट दिसत नाही, म्हणून ते बाटली आधी उबेला ठेवायचे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. कोपरीतल्या एका नर्सिंग होममध्ये सर मोठे डॉक्टर, मी नवाकोरा. बाळकुमचे नामदेवभाऊ, खाडीत मासेमारी करणारे, पाय मोडून प्लॅस्टरमध्ये पडलेले, अचानक धाप लागून आले. ब्लडप्रेशर पडलेलं. मी शिकल्याप्रमाणे सलाईन सोडलं, मग दुसरं सोडलं, आणि माणूस आणखीच काळवंडला. सरांनी येऊन गळ्याच्या फुगलेल्या शिरा बघितल्या. "अरे, थांब जरा. मशीन वर आणा." सोनोग्राफीचं मशीन तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या, लिफ्ट नाही. तेव्हा पेशंटच मशीनकडे जायचा, त्यामुळे वॉर्डबॉय नुसते बघत राहिले. जिन्यात बसलेले भाऊंचे चार भाऊबंद मात्र उठले. "आमी होरी उचलताव, हिचा काय भार?" चादरीची झोळी करून, होडी उचलावी तसं त्यांनी ते धूड वर आणलं, कुठे धक्का म्हणून लागू दिला नाही.

आणि काय सांगू तुम्हाला, पडद्यावर जे दिसलं ते आजही आठवलं की अंगावर काटा येतो. हृदयाची उजवी बाजू, जी एरवी डावीपेक्षा लहान असते, ती फुगून डावीला चेपत होती. "पायातली गुठळी फुप्फुसात अडकलीय," सर म्हणाले. "उजवीला रक्त पुढे ढकलता येत नाहीये, आणि तू मागून पाणी ओततोयस." सलाईन मीच बंद केलं. गुठळी विरघळवणारं औषध सुरू झालं, सर तासातासाला बगलेतून बाटली काढून पडद्यावर हृदय बघत राहिले... संध्याकाळपर्यंत उजव्या बाजूचा फुगवटा ओसरला, भाऊंनी चहा मागितला आणि पन्नाशीचे गुप्ते सर चक्क दोन पावलं नाचले. मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता जन्मभर आधी उजवी बघशील."

गेल्या महिन्यात सर गेल्याचा तो फोन मी ठेवला, तर माझी ज्युनिअर आयसीयूतल्या त्या पेशंटला दुसरं सलाईन लटकवत होती.

"थांब जरा गं," मी म्हटलं, आणि बगलेतली बाटली तिच्या हातात दिली. चांगली ऊब धरली होती.