कवळी देण्याआधीचा प्रश्न

राजिवड्याची डॉक्टर शमीम गोड बोलते. ज्याच्याशी ती फारच गोड बोलेल, त्यानं मात्र आपली पाठ सांभाळावी.

ती भुलीची डॉक्टर. पोटात दुर्बीण घालण्याआधी रुग्णाला बेताची गुंगी कशी द्यायची, हे शिकाऊ डॉक्टरांना शिकवते. "थोडं औषध द्यायचं, थांबायचं, बघायचं, मग पुढचं. दुर्बीण धरणाऱ्यानं दुर्बीणच धरायची. श्वासावर नजर ठेवायला दुसरा माणूस हवा, आणि त्यानं दुसरं काही करायचं नाही. फोन तर नाहीच, ऋत्विक!"

हा धडा तिला डॉ. काशीराम खेडेकरांनी दिला, न शिकवता. ती त्यांच्या हाताखाली शिकाऊ असताना तिचे अब्बा, मजीद तांडेल, तपासणीला आले होते. खेडेकरांनी एका हातात दुर्बीण धरली आणि दुसऱ्या हातानं अख्खं इंजेक्शन एका दमात ढकललं. तांडेल निळे पडले. शमीमनं तोंडावर मास्क धरून श्वासाचा फुगा दाबदाबून त्यांना परत आणलं. खेडेकर बाहेर येऊन चारचौघांत म्हणाले, "पोरीचा हात सुटला हो. बापाला बघून घाबरली."

झालं! मिरकरवाड्याच्या जेटीवर तिचं नाव पडलं 'बापाला निजवणारी'. मासळीवाल्या सुरमई कापता कापता विचारायच्या, "काय गो डॉक्टरनी, आज कोनाला निजवलंस?" तांडेल तिच्यासाठी कुठलीही शपथ घ्यायला तयार. "पन बाय, मी तं निजलेलो. माजी साक्ष कोन धरतंय?"

शमीमनं ते सगळं खाऱ्या बांगड्यासारखं मिठात घालून ठेवलं.

आणि यंदा शिमग्याआधी निवृत्त खेडेकरच जळजळीनं हैराण होऊन तिच्या टेबलावर आले.

"या सर, या," शमीम म्हणाली. अगदी साखर! "ऋत्विक, सरांना विचारायचं ते विचार."

"सर, झोपेत घोरता?"

"छे!"

खेडेकरांच्या बायको विमलाकाकू फिस्सकन हसल्या. "आमच्या माडांवरची वानरं खाडीपलीकडे भाट्याला पळाली यांच्या घोरण्यानं."

"दात हलतात? कवळी आहे?"

खेडेकरांनी ओठ मिटून घेतले. त्यांचं शुभ्र हसू गावभर प्रसिद्ध होतं. नाट्यमंडळात या वयातही ते नायक व्हायचे, ते त्या हसण्याच्या जोरावरच.

"घशात गेली तर, सर?" शमीमनं डबी पुढे केली. "तुम्हाला मी काय नियम सांगावा!"

कवळी निघाली. गाल आत गेले. शमीमनं डबीचं झाकण अगदी सावकाश लावलं.

औषधात मात्र तिनं वैर मिसळलं नाही. ऋत्विकनं थोडं थोडं देत गुंगी आणली. मध्येच घोरणं थांबून श्वास अडकला, तेव्हा तिनं स्वतः हनुवटी उचलून वाट मोकळी केली. इतकं जपलं, की त्यांनी दुसऱ्याला इतकं जपलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

गुंगी पुरती उतरली का, हे बघायची शमीमची एक रीत आहे. रुग्णाला ती जुन्या आठवणीतलं काहीतरी विचारते. उत्तर नीट आलं की चष्मा, चप्पल, कवळी परत, आणि घरी रवाना.

"कवळी," खेडेकर बोळक्या तोंडानं म्हणाले.

"देते की! आधी प्रश्न. मजीद तांडेलांना ते इंजेक्शन कुणी दिलं होतं?"

खेडेकरांनी डोळे मिटले. "गुंगी आहे मला अजून."

"मॅडम, मघाशी सरांनी मला मॅचचा स्कोअर विचारला," ऋत्विक म्हणाला.

"असू दे. गुंगी म्हणतात तर गुंगी. चारला भेटीची वेळ आहे, नाट्यमंडळ येईलच बघायला. पुरती शुद्ध आल्याशिवाय मात्र मला कवळी देता येत नाही."

खेडेकरांनी एक डोळा उघडून दाराकडे बघितलं.

"सांगून टाका हो," विमलाकाकू म्हणाल्या. "मला घरी तेव्हाच सांगितलं होतंत."

खेडेकर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले.

"असं नाही, सर." शमीमनं डबी उघडून त्यांच्या हातात दिली. "नीट बसवा आणि नाटकातल्यासारखं खणखणीत बोला. पोरं शिकतायत."

"मीच दिलं! सगळं एकदम. पोरीनं हातसुद्धा लावला नव्हता. झालं?"

"झालं," असं उत्तर दारातून आलं. शमीमनं मुद्दाम बोलावून घेतलेले मजीद तांडेल तिथं टोपी सारखी करत उभे होते. "डॉक्टर, आज मी जागा हाय हां. आता माजी साक्ष धरतील."

आणि दुसरं काही न बोलता ते तडक जेटीच्या रस्त्याला लागले.