आमच्या घराची कोरी भिंत

“पुरावा?” असं म्हणून आमचे घरमालक सर चष्मा कपाळावर ढकलत. दुधी कोवळा आहे म्हणणाऱ्या भाजीवाल्यालाही सोडत नसत. तुमच्याही ओळखीत असे एखादे गृहस्थ असतील. ते चहाला एकटेच बसतात.

सरांनी जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, तेही कलकत्त्यात, जिथे गप्पांना पुरावा लागत नाही. त्यांच्या पत्नी वारल्यापासून त्यांच्या दारात पोस्टमन यायचा आणि मी. मी त्यांचाच वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आणि वर मराठी, म्हणजे माझा नाइलाज होता.

फाळणीनंतरच्या त्या वर्षांत शहराच्या भिंतींवर घोषणा मावत नसत. एका हिवाळ्यात त्यांच्यामध्ये डांबराने लिहिलेला एक शब्द दिसू लागला : ‘ग्लुंबाटी’. एस्प्लनेडपासून बालीगंजपर्यंत तोच. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. पोलिसांना त्यात कट दिसला, दुकानदारांना नव्या साबणाची जाहिरात. एका विद्वत्सभेने तो मूळचा संस्कृत ठरवला आणि अध्यक्षांना हार घालून ती घरी गेली.

आमच्या गल्लीत प्रत्येक भिंतीवर तो उमटला. कोरी राहिली फक्त सरांची.

एका रविवारी समोरचे होमिओपॅथ डॉक्टर चार शेजाऱ्यांना घेऊन आले. मला वाटलं, आता भांडण. पण हातात संदेश मिठाईचा डबा होता.

“मास्टरमोशाय, आता लपवू नका. स्वतःचीच भिंत कोण काळी करील?”

“मी लिहिलेलं नाही. हा निष्कर्ष सदोष आहे.”

“बघा,” डॉक्टर इतरांना म्हणाले, “खरा लेखक असाच बोलतो.”

मग ते रोज संध्याकाळी येऊ लागले. सर नाकारत, मंडळी माना डोलावत. आठवड्याभरात सरांनी मला नवे कप आणायला पाठवलं.

“सर, एकदा ठणकावून सांगा ना.”

“रोज सांगतो.” ते नवे कप पुसू लागले. “एखाद्या दिवशी पटलं, तर येणार नाहीत रे.”

आणि एका सकाळी पेपरात आलं : डांबराच्या डब्यासह एक निवृत्त ट्राम कंडक्टर सापडला होता. का लिहिलंस, असं विचारल्यावर ‘भिंती होत्या’ म्हणाला. सरांनी पेपर दिवसभर मांडीवर ठेवला. संध्याकाळी मंडळी आली तशी तो डॉक्टरांपुढे धरला.

“वाचलं,” डॉक्टर खुर्ची ओढत म्हणाले. “तुमचं नाव येऊ नये म्हणून बिचारा स्वतः अडकला. असा शिष्य मिळायला भाग्य लागतं, मोशाय.”

सरांनी पेपराची घडी घातली. “बसा,” म्हणाले. “चहा टाकतो.”

पुढे तीन-चार वर्षांनी सर गेले. अख्खी गल्ली लोटली होती. खांदा द्यायला इतकी माणसं, की त्यांच्या या एकुलत्या मराठी भाडेकरूची पाळी येईपर्यंत स्मशानघाट आला होता.