कुशाआत्ती आणि नागपंचमीची दिंडं

आमची कुशाआत्ती चाकणला कंपनीच्या गेटापाशी खानावळ चालवायची. ली नावाचा चिनी फिटर रोज तिच्याकडं जेवायचा. नागपंचमीला चुलीवर तवा ठेवत न्हाईत, समदं उकडूनच करत्यात, हे आत्तीनंच त्याला सांगितल्यालं. म्हणून त्या दिशी त्यो सोता कणकेत पुरण भरून, उकडून डबा घिऊन आला. पण नुकतंच सरहद्दीवर चिन्यांशी मारामारी होऊन आपले जवान गेल्याले.

“आत्ते, त्याला वाढतीस व्हय?” जेवता जेवता पंगतीतला बाळू गुरकावला.

गिऱ्हाईक तुटंल म्हणून आत्ती भ्याली. “आज बंद हाय रं,” म्हणली.

लीनं पंगतीकडं बघितलं, डबा उंबऱ्यावर ठेवला, हात जोडले नि गेला.

बाळूनं डबा उघडला. “आयला, ही तर आपली दिंडं!”

समद्यांनी खाल्ली. त्याला माघारी बोलवायला कोनी उठलं न्हाई. आत्तीबी न्हाई. मरेपातूर तिला त्येच लागून ऱ्हायलं.